तीन झाडांची चांगुणाबाय

आमच्या घरात आमटीला हिंगाची फोडणी बसली की मी अजूनही उठून खिडकीपाशी जातो. बायकोला आता सवय झाली आहे. ती गॅस बारीक करते आणि वाट बघते. खिडकीतून दिसतं ते पत्र्याचं उंच कुंपण, त्यामागे क्रेन, आणि पत्र्यावर रंगवलेलं एक हसरं कुटुंब. आई, बाबा, दोन गोरी मुलं आणि एक कुत्रा. असलं कुटुंब मी या खरवईत, बदलापूरच्या कडेला, आजवर पाहिलेलं नाही. त्या कुत्र्याच्या बरोबर मागे चांगुणाबायचं कौलारू घर होतं आणि घरापुढे तिचा ओटा होता.

चांगुणाबाय कुठे आहे असं कुणी विचारलं तर तिचे दोन्ही भाऊ एकच उत्तर देतात. "बाय सासरी गेली, मुरबाडच्या पलीकडं." रघुनाथ शिरगावला राहतो, भास्कर बदलापूर गावात. दोघांना मी वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या जागी विचारलं. शब्द तेच होते. बापाचं वय काय होतं यावरसुद्धा ज्यांचं कधी एकमत झालं नाही, त्या दोघांचं हे एकमत मला खरं वाटलं नाही. अजूनही वाटत नाही.

मी तसा इथला नाही. साताऱ्याकडचा. उल्हासनगरला एका पापड-मसाल्याच्या दुकानात हिशेब बघतो. खरवईत पहिल्या दोन-तीन इमारती उभ्या राहिल्या तेव्हा परवडला म्हणून इथे फ्लॅट घेतला. राहायला आल्यावर दुसऱ्याच सकाळी रिक्षा स्टँडकडे जायला जवळची वाट म्हणून समोरच्या शेतातून निघालो, तर मागून आवाज आला, "ओ पावनं! पायातलं काढा!"

वळून बघितलं. उंच, काटकुळी, काळीभोर बाई. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, हातात लाटणं. मला वाटलं, आसपास एखादं देवस्थान असेल. विचारलं, "इथं देऊळ आहे का?"

"तुमच्या ताटातला भात हितं व्हतो. देवलात व्हतो का भात?"

मी मुकाट बूट काढले. त्यानंतर कितीतरी वर्षं मी त्या शेतातून बूट हातात धरून जात होतो आणि रस्त्याला लागल्यावर ओट्याच्या कडेला बसून मोजे झटकत होतो. बायकोला वाटे, या माणसाला खूळ लागलं आहे. पण चांगुणाबायपुढे कुणाचंच चालायचं नाही. एकदा सरकारी मोजणीवाला आला होता. चांगला जाडजूड, टेपवाल्या दोन पोरांसकट. त्यालाही तिने बूट काढायला लावले. चार पावलांत त्याच्या टाचेत बाभळीचा काटा गेला. मग तिनेच त्याला ओट्यावर बसवलं, दुसऱ्या काट्याने पहिला काटा काढला, वर बिब्बा लावला, आणि तो ओरडला तेव्हा म्हणाली, "जमीन पाय वलखते साहेब. तुमचा नाय वलखला." मोजणी त्या दिवशी अर्धीच राहिली. साहेब लंगडत गेला. गाव आठवडाभर हसलं.

आम्ही सगळे फ्लॅटवाले तिच्या लेखी पाहुणे. बारा-पंधरा वर्षं झाली तरी पाहुणेच. "तुमच्या बिल्डिंगीखाली आमची नाचनी व्हायची," असं ती आमच्या सेक्रेटरीला तोंडावर सांगायची. त्यात राग नसायचा. शेजारणीने कुणाच्या तरी जुन्या स्थळाबद्दल सांगावं, तशी सांगायची.

पापड लाटणं हा तिचा धंदा. आमच्याच दुकानासाठी ती लाटायची आणि सामान पोचवायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. उडदाचं पीठ, मिरी, पापडखार, हिंग. लाटलेले पापड ओट्यावर जुन्या साड्या अंथरून वाळत घालायची आणि त्या पापडांना संध्याकाळ लागू द्यायची नाही. रस्त्याकडेला तिचं जांभळीचं झाड होतं. त्याच्या शेंड्यावरचं ऊन गेलं की हातातलं काम जिथल्या तिथे टाकून ती पापड आत घ्यायची. "सांज लागली का पापड ऱ्हात नाय, चामडं व्हतं." तिचे वडील, आबा, गेले त्या दिवशी मी तिथे होतो. अंगणात मयत ठेवलेली, बायका गळा काढून रडत होत्या, चांगुणाबाय सगळ्यांत पुढे. मध्येच तिने मान वर करून झाडाकडे बघितलं, डोळे पुसले, उठली, सगळे पापड गोळा करून आत ठेवून आली आणि जिथे सोडलं होतं तिथून पुन्हा रडायला लागली. मला हसूही आलं आणि रडूही. अशी ती होती.

तिचं लग्न लहानपणीच मुरबाडकडे झालं होतं. चार-पाच वर्षांत परत आली ती कायमची. कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचा मोठा डाग होता. त्याबद्दल ती एकदाच बोलली, तेही पापड लाटता लाटता, भाजीचा भाव सांगावा तसं. "रॉकेल कमी पडलं त्यांना, म्हनून मी हितं." आणि मग लाटणं थांबवून माझ्याकडे बघून म्हणाली होती, "त्या उंबऱ्यात आता माजा पाय नाय. मेले तर मढं बी न्यायचं नाय तिकरं." हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. म्हणून ते मुरबाडचं उत्तर माझ्या गळ्याखाली उतरत नाही.

ती परत आली त्याच साली तिची आई गेली. रघुनाथ तेव्हा शाळेत होता आणि भास्कर रांगत होता. दोघांचं सगळं हिनेच केलं. भास्करला तर ती पाठीशी बांधून भाताची लावणी करायची. दोघांनी तिला आई म्हटलं नाही, बाय म्हटलं, पण भूक लागली की पोरं जिला हाक मारतात ती हीच.

आता झाडांबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्या झाडांपायी झालं.

आबांची जमीन दोन एकराच्या आसपास. पुढे रस्ता, मागे ओढा. मूल झालं की त्याची नाळ-वार जमिनीत पुरायची आणि त्या जागी एक रोप लावायचं, ही त्या घराची रीत. चांगुणा झाली तेव्हा रस्त्याकडेच्या खडकाळ माळात जांभूळ लावली. रघुनाथ झाला तेव्हा पहिला मुलगा म्हणून मागे ओढ्याकाठी, सगळ्यांत चांगल्या भाताच्या जमिनीत, आंबा. भास्करचा फणस मधल्या तुकड्यात. आबा म्हणायचे, "झार हुबं तवर वाटा हुबा." कागदावर त्यांनी काही केलं नाही. गरजच वाटली नसेल. सगळ्या गावाला माहीत होतं की आंब्याकडची रघूची, फणसाकडची भास्करची आणि जांभळीकडची बायची.

मग बदलापूर वाढलं आणि सगळं उलटं झालं. ओढ्याकाठची जमीन पुराच्या रेषेत आली. तिथे एक वीट रचायची परवानगी नाही. फणसाकडच्या जमिनीवर इमारत होऊ शकते, पण रस्ता नाही. आणि ज्या माळात नाचणीसुद्धा नीट यायची नाही, त्या जांभळीपुढून रुंद रस्ता गेला आणि त्या माळाचं सोनं झालं. लाडक्या मुलाला दिलेला तुकडा मातीमोल आणि परतून आलेल्या मुलीचा सगळ्यांत मोलाचा. आबा असते तर त्यांनी काहीतरी तोड काढली असती. पण ते इच्छापत्र न करताच गेले. सातबाऱ्यावर तिघांची नावं लागली, आणि कुणाचा तुकडा कुठला हे सांगायला फक्त तीन झाडं उरली.

तेराव्यालाच रघुनाथने सुरुवात केली. तो जमिनीच्या व्यवहारांत मध्यस्थी करतो. गळ्यात जाड साखळी, दाराशी पांढरी गाडी. जेवणं झाल्यावर त्याने बहिणीपुढे एक भारी साडी ठेवली आणि साडीवर हक्कसोडीचा स्टँप पेपर. आमच्या भागात हे नवीन नाही. बाप गेला की बहिणी साडी घेतात, सही करतात आणि माहेर राखलं म्हणून डोळे पुसत जातात. चांगुणाबायने साडी उलगडून काठ बघितला, "ब्येस हाय" म्हणाली आणि ठेवून घेतली. कागद चुरगळून बघितला. दुसऱ्या दिवशी मी पीठ द्यायला गेलो तर त्या स्टँप पेपरवर पापड वाळत होते.

"पन कागद चांगला जाड हाय," ती म्हणाली.

मी पोट धरून हसलो होतो. रघुनाथ हसला नाही. तो रस्त्यापलीकडे गाडीत बसून काचेतून बघत होता. ती गाडी तेव्हापासून दर दोन-चार दिवसांनी तिथे दिसायला लागली. तो उतरायचा नाही. इंजिन चालू ठेवून बसायचा, मग निघून जायचा.

पंच बसले. रघुनाथचं म्हणणं, झाडाबिडाला कोण विचारतो, कायद्याने तीन सारखे भाग करा, प्रत्येकाला रस्ता द्या. भास्करचं म्हणणं, आबांचा शब्द तो शब्द, झाडं सांगतील तसं. त्याचंही काही साधं नव्हतं. तो अंबरनाथला एका केमिकलच्या कंपनीत कंत्राटावर होता, आज आहे उद्या नाही, आणि बाय आपल्याला रस्ता देईल म्हणजे फणसाकडची विकता येईल, हे त्याने मनाशी धरलं होतं. चांगुणाबायला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "इकायचीच कशाला? मी हाय तवर भात हाय. दोगं या, जेवा, न्या." पंचांतला एक म्हातारा तिला म्हणाला, "बाय, तुला झारं मान्य हायत का नाय, येवढं बोल." ती गप्प बसली. ती गप्प बसलेली मी पहिल्यांदा बघितली.

तिला काय हवं होतं ते मला नीट ठाऊक होतं, कारण ते ती मला रोज ऐकवायची. जमीन एका तुकड्यात राहावी आणि भाऊ एका ताटावर. पंचांच्या बैठकीनंतर दोघे एकमेकांशी बोलेनासे झाले, आणि तिची झोप गेली. "पावनं," ती म्हणाली, "जमिनीचं तुकडं झालं का मानसांचं व्हतं. मना ह्ये दोगं येकत्र पायजेत. बाकी काय बी नको."

त्या हिवाळ्यात आंबा वाळला.

आधी शेंड्याची पानं पिवळी पडली, मग तांबूस, मग सगळं झाड खराट्यासारखं उभं. मोहोराच्या दिवसांत असं झाड बघवत नाही. कुणी म्हणालं कीड, कुणी म्हणालं ओढ्याचं पाणी बिघडलं. आणि जो रघुनाथ पंचांपुढे झाडांना लाकडं म्हणाला होता, तो त्या आंब्याखाली येऊन उभा राहिला तेव्हा त्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता. आपली वार पुरलेलं झाड आपल्या डोळ्यांदेखत मरतं आहे, हे त्याच्या साखळीखाली कुठेतरी खोल लागलं. तो खोडाला हात लावून पुटपुटला ते मला ऐकू आलं. "मंजे माझा वाटाच नाय ठेवायचा." त्याचा हिशेब सरळ होता. झाड नाही तर वाटा नाही, मग हे कुणाच्या फायद्याचं? भास्करच्या. शिवाय भास्कर केमिकलच्या कंपनीत. अ‍ॅसिडचा एक कॅन आणायला कितीसा वेळ?

त्यानंतर त्याला साखर निघाली, वजन झपाट्याने उतरलं. गावात कुजबुज झाली, झाड गेलं, आता माणूस जाणार. चांगुणाबाय असलं बोलणाऱ्यांवर खेकसायची. "वार कवाच माती झाली. झाराचा जीव झारात, मानसाचा मानसात." पण रघुनाथसाठी ती मेथी भाजून कडू लाडू करून माझ्याजवळ द्यायची. "माझ्या हातचं तो घेनार नाय. तुमी द्या, तुमच्या मंडलीनी केलं म्हना." मी शिरगावला जाऊन देऊन यायचो. तो घ्यायचा आणि दारातच विचारायचा, "भास्कर येतो का बायकडं? काय बोलतात?"

त्याच सुमारास एकदा दुकानात आमचे सिंधी शेठ माझ्या हातातली पिशवी बघून म्हणाले, "अरे साईं, हिंग फिर से? तेरी वो बाई पापड में डालती है या दीवार में भरती है?" मी म्हटलं, उन्हाळा जवळ येतोय, लाटणं वाढलं असेल. सगळे हसले. पापडाचा धंदा आहे, हिंग लागणारच.

उन्हाळ्यात फणस वाळला. अंगभर लगडलेली लहान कैऱ्यांएवढी फणसं तशीच काळी पडून गळाली. भास्कर मऊ स्वभावाचा, बायकोला घाबरणारा माणूस. पण त्या दिवशी तो तिथेच ओट्यावर बसून ढसाढसा रडला आणि नंतर अचानक शांत झाला. मला त्याच्या रडण्यापेक्षा त्या शांत होण्याची भीती वाटली. चांगुणाबाय त्याच्या डोक्यावरून हात फिरवत सारखी म्हणत होती, "कीड हाय रं, कीड. अशी येते कदी कदी." तो म्हणाला, "हो बाय. कीड शिरगावला ऱ्हाते."

पुढे काय झालं ते सगळ्या खरवईने बघितलं. मे महिन्यातली दुपार. रघुनाथ कुणा दोन माणसांना जमीन दाखवायला घेऊन आला. फणसाखाली भास्कर बसलेला होता. बोलाचाली झाली, ती वाढली, आलेली माणसं मागे सरली. फणसाच्या वाळक्या फांद्या तोडायला आणलेला कोयता तिथेच पडला होता. आधी तो कुणी उचलला यावर आजही दोन मतं आहेत. मी खिडकीतून बघितलं तेव्हा कोयता रघुनाथच्या हातात होता आणि भास्करने तो दुसऱ्या टोकाने, पात्याला धरलेला होता. चांगुणाबाय ओरडत धावली. ती पोचेपर्यंत भास्करच्या उजव्या हाताची दोन बोटं मातीत पडली होती.

तिने ती पदरात गुंडाळली. रिक्षात बसेपर्यंत पदर घट्ट धरून होती. उल्हासनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, उशीर झाला, जोडता येणार नाहीत. भास्करची नोकरी गेली. केस झाली, जामीन झाले, तारखा सुरू झाल्या.

चांगुणाबाय त्यानंतर निम्मी झाली. पापड वेडेवाकडे लाटू लागली. शेठ तक्रार करत, मी सांभाळून घेई. तिचं बडबडणं थांबलं. कुणी चपला घालून शेतातून गेलं तर हाक मारायची, पण तिच्यात जोर नव्हता. आणि आता तीन झाडांतलं एकच उभं होतं, तिचं. गावाच्या नजरा तिकडे वळल्या. झाडांच्या हिशेबाने सगळी जमीन आता बायचीच, असं कुणीतरी चेष्टेत म्हणालं आणि कुणीही हसलं नाही. पांढरी गाडी रस्त्यापलीकडे येऊन थांबायची तशी थांबतच होती. आता अधूनमधून पानटपरीशी भास्करही उभा दिसायचा, हाताला फडकं गुंडाळलेला. दोघे एकमेकांकडे पाठ करून उभे असायचे आणि दोघेही जांभळीकडे बघत असायचे. मी तिला म्हटलं, "बाय, दार लावून बसत जा." ती म्हणाली, "भावांना कदी कोनी दार लावतं का?"

दिवाळी जवळ आली होती. पाऊस उघडून कडक ऊन पडलं होतं. रविवार होता. मी पिठाची पिशवी घेऊन निघालो, नेहमीप्रमाणे बूट हातात धरून शेत ओलांडलं, तर ती ओट्यावर नव्हती. पापड वाळत घातलेले होते, चुलीवर काहीतरी शिजत होतं, बोंबलाच्या कालवणाचा वास येत होता. ती जांभळीच्या बुंध्याशी उकिडवी बसली होती. हातात सुताराचं गिरमिट. खोडाला भोक पाडत होती. अगदी तब्येतीने, दोन्ही हातांनी दाबून. भुसा तिच्या लुगड्यावर पडत होता. मी जवळ गेलो आणि मला तो वास आला. आमच्या दुकानाचा, माझ्या पिशवीचा वास. शेजारी एका फडक्यात हिंग काढून ठेवला होता आणि वाटीत भिजवलेली चिकणमाती.

हिंगाने खरंच झाड मरतं का, ते शिकलेल्यांनी सांगावं. आमच्या गावाकडेही हे करतात. भोक पाडायचं, हिंग ठासायचा, मातीने लिंपायचं, आणि वाट बघायची. 

तिने माझ्याकडे बघितलं. दचकली नाही.

"ते दोन बी मीच," ती म्हणाली.

मी पिशवी खाली ठेवली.

"झारं व्हती म्हनून वाटं व्हतं. वाटं व्हतं म्हनून इकायचं बोलत व्हते. म्हटलं झारंच नाय ठेवायची. मंग कुनाचं कुठलं, कुनाला कलनारच नाय. येका ठिकानी बसावं लागल, तिघांनी मिलून करावं लागल." ती फडक्यातला हिंग चिमटीने भोकात भरू लागली. "मना वाटलं, कीड म्हनतील. झार काय आपलं आपलं मरत नाय का? पन नाय. दोगांच्या बी मनात कीड आलीच नाय, भाऊच आला."

"आणि भास्करची बोटं?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. तिच्यावर मी त्याआधी कधीच चिडलो नव्हतो.

ती बराच वेळ माती लिंपत राहिली. एकाच जागी, पुन्हा पुन्हा.

"त्या बोटांना धरून मी त्याला चालायला शिकवला," ती म्हणाली. "आज दोगांना बोलावलंय. शेजारच्या पोरीकरनं फोन लावला. सांगनार हाय. शिव्या देतील, मारतील येखादी. मारू देत. पन येकमेकांवरला राग तर जाईल? बोंबील केलंय, भाकऱ्या थापायच्यात. दोगं चाटूनपुसून खातात."

"मी थांबतो," मी म्हटलं.

"नको पावनं. घरचं हाय." मग हसली. कितीतरी महिन्यांनी हसली. "आता माजं बी झार नाय. तिघांचं सारकं झालं."

मी घरी आलो. पण खिडकी सोडली नाही.

नंतरचं आधी सांगून टाकतो. दुसऱ्या दिवशी घराला कुलूप होतं. चार दिवसांनी मी चौकीत गेलो. हवालदाराने विचारलं, तुम्ही कोण तिचे? म्हटलं, शेजारी. तो म्हणाला, "सख्खे भाऊ सांगतायत सासरी गेली. तुम्हाला काय त्रास आहे?" मी मुरबाडच्या पलीकडे त्या गावीही जाऊन आलो. तिथल्या लोकांना चांगुणा नावाची बाई आठवतसुद्धा नव्हती. पुन्हा चौकीत जाऊन हे सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं, आणि ते लिहिलेलं तिथेच राहिलं. सातबाऱ्यावरचं तिचं नाव कसं निघालं ते मला कुणी सांगितलं नाही, पण नंतर जेसीबी आला. मग पत्रा, मग क्रेन, मग हे हसरं कुटुंब. एका सकाळी रघुनाथ आणि भास्कर एकाच गाडीतून उतरून काम बघताना दिसले. रघुनाथ भास्करला हात धरून खड्ड्यापलीकडे नेत होता, तीन बोटांचा हात. तिला हेच तर हवं होतं.

तर त्या रविवारी मी बघितलं ते असं. पांढरी गाडी आली. थोड्या वेळाने रिक्षातून भास्कर आला. दोघे रस्त्याच्या कडेला अंतर ठेवून उभे राहिले. चांगुणाबाय जांभळीला टेकून उभी होती. तिने गिरमिट वर करून दाखवलं आणि बोलत राहिली. शब्द माझ्यापर्यंत येत नव्हते. तिचे हात दिसत होते, आंब्याकडे, फणसाकडे, स्वतःच्या झाडाकडे. मग ते हात जोडले गेले.

दोघे भाऊ हलले नाहीत. मग त्यांनी एकमेकांकडे बघितलं. कोयत्याच्या त्या दुपारनंतर पहिल्यांदाच. रघुनाथने काहीतरी विचारल्यासारखी मान हलवली आणि भास्करनेही हलवली. आणि दोघे एकदमच रस्ता सोडून शेतात शिरले, खांद्याला खांदा लावून.

दोघांच्याही पायांत बूट होते.

चांगुणाबायने त्यांच्या पायांकडे बघितलं. मी वाट बघत होतो, आता ओरडेल, आता ओरडेल. तिने फक्त पदर डोक्यावरून घेतला, पाहुण्यांसाठी घेतात तसा, आणि पुढे होऊन दार उघडलं. तिघे आत गेले. दार लागलं.

मी तिथेच उभा राहिलो. जांभळीच्या शेंड्यावरचं ऊन हळूहळू वर सरकलं आणि गेलं. रस्त्यावरचे दिवे लागले. ओट्यावरचे पापड आत घ्यायला कुणी बाहेर आलं नाही.